घरच्यांची पडताळणी

चटकन विश्वास ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या ड्रायव्हरइतकं भाबडं कुणी पाहिलं नाही. गाडीचा नव्हे, पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम. आश्रमशाळांच्या वर्गात भिंतीवर लावायचे मोठे पडदे आमची छोटी कंपनी जव्हारात जुळवते. गादीवाल्या चाचांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. खाली कापूस पिंजतात आणि वर आम्ही शिंकत शिंकत कोड लिहितो.

पडद्यावर जे दिसतं ते आधी मशीनच्या मेमरीत मांडलेलं असतं. ते मांडतो एखादा प्रोग्राम. हजेरीचा, व्हिडिओचा, कसलाही. मांडून झालं की तो ड्रायव्हरला सांगतो, ‘माझं चित्र अमुक पत्त्यावर आहे, एवढं एवढं लांब आहे, उचल आणि लाव.’ आता हा ड्रायव्हर राहतो मशीनच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात. साध्या प्रोग्रामला शेजारच्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. कर्नलमध्ये राहणाऱ्याला मात्र सगळ्यांची घरं उघडी. म्हणून त्यानं उचलण्याआधी विचारायचं असतं, की बाबा, हा पत्ता तुझाच ना? तू सांगतोस ती लांबी तुझ्याच बांधाच्या आत संपते ना, की शेजारच्या वावरात शिरते? एवढी साधी पडताळणी. तलाठीसुद्धा एवढं विचारतो.

आमचा ड्रायव्हर हे विचारायचा, पण फक्त परक्यांना. घरच्यांना नाही.

त्याचं असं झालं होतं. मी येण्याच्या आधी ठाण्याला कुठल्याशा प्रदर्शनात आमचा पडदा मांडला होता. साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, पाहुण्यांना व्हिडिओ दाखवत होते आणि व्हिडिओ अडखळला. साहेबांनी तिथल्या तिथे निदान केलं, की हे चेकिंगमुळे होतंय. अडखळत होतं ते त्यांनीच स्वस्तात आणलेल्या केबलमुळे, पण केबलला दोष द्यायचा तर तो आणणाऱ्यापर्यंत जातो. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक पळवाट टाकली गेली: हा प्रोग्राम आपला आहे, याला विचारू नये. पुढे त्या पळवाटेला गर्दी झाली. व्हिडिओ प्लेअर आत आला, हजेरीचा प्रोग्राम आला, तिसऱ्या कुणीतरी बनवलेला बाराखडीचा खेळ आला. शेवटी साहेबांच्या भाच्यानं कॉलेजात असताना केलेला प्रश्नमंजूषेचा प्रोग्रामही आला. आम्ही त्या सगळ्यांना जावई म्हणायचो. जावयाला कुणी विचारतं का, पिशवीत काय आणलंस आणि काय घेऊन चाललास?

मी हे सगळं हसत हसत सांगतो आहे, पण मला हसायचा अधिकार फार नाही. मीही असाच आत आलो होतो.

माझं गाव किनवटकडे, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. गणिताच्या मास्तरांना आणि मला एकमेकांचं तोंड बघवेना. नांदेडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. मेलेले फोन जिवंत करता करता त्यांच्या आतलं वाचायला लागलो. गिऱ्हाइकांचे फोन बिघडवून मी कर्नल शिकलो, हे त्या गिऱ्हाइकांना अजून माहीत नसावं. इंटरनेटवर असली कामं करणाऱ्या लोकांचे अड्डे असतात. तिथे एकदा जव्हारच्या या पडद्याचीच एक अडचण कुणीतरी मांडली होती, मी ती सोडवून दिली. ती मांडणारी बाई म्हणजे आमच्या ताई. कंपनीतल्या एकमेव खऱ्या इंजिनिअर. त्यांनी फोन केला, ‘येतोस का?’ मी रेल्वेनं नाशिकला उतरलो, एसटीनं त्र्यंबक, मोखाडा करत घाट ओलांडला आणि जव्हारच्या डेपोत उभा राहिलो. ताईंनी शिक्षण विचारलं नाही. मी सांगितलं नाही. ज्या दिवशी कुणी कागद मागेल त्या दिवशी ही खुर्ची जाणार, हे मला पहिल्या चहापासून ठाऊक होतं. खोलीत कुणी नुसतं ‘झेरॉक्स’ म्हटलं तरी माझा हात कीबोर्डवर थांबायचा.

ताईंचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकाराखाली झोप चांगली लागते असं कुणी सांगत असेल तर त्यानं माझ्या गादीवर एकदा झोपून पाहावं.

मग मोखाड्याकडच्या एका शाळेतून फोन आला. तिथले सर फोनवर कमी बोलत. ‘तुमचा पडदा चहाड्या करतो. येऊन बघा,’ एवढंच म्हणाले.

ताई आणि मी काळ्या-पिवळ्या जीपमधून गेलो. मांडीवर हत्यारांची पेटी, पायाशी कुणाचं तरी बियाण्याचं पोतं. सर वर्गाच्या दारात उभे होते. त्याच भागातले, ठाकर समाजातले, वयानं साहेबांएवढे. त्यांनी मोबाइलवर काढलेला फोटो समोर धरला. वर प्रश्नमंजूषा होती, ‘महाराष्ट्राचे राज्यफूल कोणते’. आणि खाली, पडद्याच्या तळाशी, एक पट्टी. पट्टीत वसतिगृहातल्या मुलींच्या आरोग्य तपासणीच्या ओळी. एका मुलीच्या नावापुढे सिकलसेल या रक्तातल्या आजाराचा निकाल, स्वच्छ वाचता येईल असा.

कसं झालं ते मला फोटो पाहताक्षणी कळलं, ताईंनाही कळलं. भाच्याच्या प्रोग्रामनं आपलं चित्र आहे त्यापेक्षा लांब सांगितलं होतं. जावईच तो, त्याला कोण विचारणार. ड्रायव्हरनं सांगितलं तेवढं उचललं. शेजारी मेमरीत हजेरीच्या प्रोग्रामनं, ज्यात मुलांच्या आरोग्याच्या नोंदीही असतात, ते आरोग्याचं पान उघडून ठेवलं होतं, त्यातला तुकडा उचलला गेला आणि अख्ख्या वर्गासमोर लागला.

‘मुलगी कुठे आहे?’ ताईंनी विचारलं.

‘स्वयंपाकघरात. मावशींजवळ भाकऱ्या थापत बसते. वर्गात येत नाही.’ सरांनी फोन खिशात टाकला. ‘मुलांनी तिच्या ताटाला हात लावणं सोडलंय. मी समजावतो. तुमच्या पडद्यानं एका मिनिटात सांगितलं, ते पुसायला मला वर्ष जाईल.’

ताई म्हणाल्या, ‘सर, तो प्रोग्राम आमच्याच घरचा होता, म्हणून त्याची तपासणी...’

‘घरचा होता म्हणून?’ सर हसले, पण ते हसू आमच्यासाठी नव्हतं. ‘मला नोकरी लागली तेव्हा जातीच्या पडताळणीत आजोबाचा शाळेचा दाखला मागितला. आजोबा शाळेत कधी गेला? तो डोंगरावर नाचणी लावत होता. मी म्हटलं, त्याच्या हाताचे घट्टे आणू का? आणि तुमच्या मशीनमध्ये बघा कशी मजा. घरचा आहे, सोडा. आम्ही सगळीकडे परके, होय ना?’

आम्ही दोघं मान खाली घालून पडदा उतरवायला लागलो. त्या सरांइतकं सरळ मला कुणी कधी बोललं नव्हतं, आणि ते मला बोललेच नव्हते.

परत आल्यावर ताईंनी साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. साहेब म्हणाले, ‘अगं, चार पोरांनी पाहिलं असेल. त्यांना वाचता तरी येतं का?’

‘येतं. आपण पडदा त्याचसाठी लावलाय ना?’

‘बरं, पण माझ्या भाच्याच्या प्रोग्रामला हात लावू नको. त्याला वाईट वाटतं.’

ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. ‘सगळे जावई काढ. एकही नको. जो कुणी पत्ता देईल त्याला विचारायचं.’

मला तेच हवं होतं. मी एका दमात लिहून टाकलं. पळवाट बुजवली, पत्ता तपासला, लांबी तपासली, सुरुवात आणि लांबी मिळवल्यावर आकडा मावेनासा होऊन, मीटरसारखा पुन्हा शून्यावरून फिरून लहान होत नाही ना तेही पाहिलं. माझ्या मते काम फक्कड झालं होतं. ताईंनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

‘हे कुठून वाचतोस?’

‘प्रोग्रामनं दिलेल्या मेमरीतून.’

‘आणि इथे खाली, वापरताना?’

‘तिथूनच.’

‘म्हणजे दोनदा वाचलंस. मधल्या वेळात त्यानं आकडा बदलला तर? तपासलास एक आणि उचललास दुसरा. त्याची मेमरी आहे, त्याचा हात तिथे पोचतो. आधी सगळी मागणी एकदाच आपल्याकडे उतरवून घे. मग ती उतरवलेली तपास, आणि तीच वापर. पुन्हा त्याच्या दारात जायचं नाही.’

मला हे माहीत होतं. चार ठिकाणी वाचलेलं होतं. तरी केलं होतं, कारण समोर आपलेच प्रोग्राम आहेत, ते कशाला असं करतील, असं बोटांनी परस्पर ठरवलं होतं. साहेबांना मी मनात जेवढ्या शिव्या घातल्या होत्या त्यातल्या निम्म्या परत घेऊन स्वतःला दिल्या.

दुरुस्त केलेला ड्रायव्हर आम्ही चालू केला. भाच्याचा प्रोग्राम अडेल म्हणून वाट बघत होतो. अडला तो हजेरीचा. आमचा, ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेला, कंपनीतला सगळ्यात सोज्वळ प्रोग्राम. पडद्यावर काळोख आणि कोपऱ्यात ओळ: मागणी नाकारली. तो पहिल्या दिवसापासून दर वेळी आपल्या चित्राची लांबी एका ओळीनं जास्त सांगत आला होता, आणि आजवर त्याला कुणी हटकलं नव्हतं.

ताई खुर्चीत मागे रेलल्या. ‘घ्या. मोठी शहाणी.’ आणि स्वतःलाच असं काही तुच्छतेनं हसल्या की मला हसावं की नाही कळेना. मग त्यांनी हजेरीचा प्रोग्राम उघडला, ओळ शोधली, दुरुस्त केली. भाच्याच्या प्रोग्रामला त्यांनी हात लावला नाही. तोही नाकारला गेला, तसाच ठेवला. साहेबांना निरोप पाठवला, की भाच्याला सांगा, लांबी मोजायला शिक.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग वरून, आश्रमशाळांच्या सरकारी कार्यालयातून, विचारणा आली. शाळेतल्या सरांनी लेखी तक्रार केली होती, आणि बरोबरच केली होती. मुलांची माहिती ज्या मशीनवर जाते त्या मशीनचं काम कोण करतं, त्यांची नावं आणि शिक्षण, दाखल्यांसह कळवा.

दाखल्यांसह. हा शब्द मी वाचला आणि खालचा पिंजण्याचा आवाज एकदम मोठा झाला.

साहेब ठाण्याहून आले. येताना सगळ्यांना मिठाई आणली. संकटात मिठाई आणणारा माणूस मला नेहमीच संशयास्पद वाटतो. त्यांनी एकेकाचे दाखले गोळा केले. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हणालो, ‘नववी.’

‘नववी काय?’

‘नववीत सोडली.’

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. संध्याकाळची एसटी कुठली, रेल्वे कुठली, सगळं डोक्यात जुळायला लागलं. आणि साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘हात्तिच्या. घाबरलास कशाला? बी.ई. लिहून टाकतो. दाखला मागाहून देऊ म्हणून कळवू, कोण विचारतंय पुन्हा. आपलाच पोरगा आहेस.’

ज्या माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात सोलत होतो, त्यानं मला जावई केलं. आणि मला किती बरं वाटलं ते सांगू नये इतकं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. हात मी खरोखर जोडले.

‘नाही,’ ताई म्हणाल्या.

‘काय नाही?’

‘बी.ई. लिहायचं नाही. त्या कागदावर सही माझी आहे.’

‘अगं, तूच आणलंस ना त्याला?’

‘आणला. काम बघून आणला. शिक्षण विचारलं नाही ती माझी चूक. पण खोटं लिहिणार नाही.’

‘मग जाईल तो घरी. चालेल तुला?’

ताई गप्प राहिल्या. गप्प राहिल्या म्हणजे चालेल असंच मी धरलं. ज्या बाईनं मला वर चढवलं तीच मला खाली उतरवते आहे, आणि तेही कसलं तरी तत्त्व म्हणून. तत्त्व परवडणाऱ्यांचा मला त्या दुपारी फार राग आला. त्यांना पदवी आहे, पुण्यात आईबाप आहेत, उद्या दुसरीकडे खुर्ची आहे. माझ्या नववीवर उभं राहून त्या सरळ दिसणार होत्या.

मी खाली जाऊन चाचांच्या दुकानात बसलो. ते गादीला टाके घालत होते. मी सगळं ओकून टाकलं. चाचांनी दोरा दातानं तोडला.

‘दस्तखत किसके?’

‘ताईंची सही.’

‘मग पकडलं तर कोण जाणार?’

मी सुटलेला कापूस बोटांनी चिवडत राहिलो.

‘साहब बोलेगा, मेरे को क्या मालूम. तू बोलशील, मी तर अनपढ. बची कौन?’ त्यांनी सुई पुन्हा ओवली. ‘बाकी तू जाणारच असशील तर गादी देऊन जा. अर्ध्या भावात घेतो. तू काय फार वजनाचा नाहीस, कापूस दबलेला नाही.’

‘चाचा, माझी नोकरी चाललीय.’

‘म्हणून तर अर्धा भाव. नाहीतर पाव दिला असता.’

वर जाताना जिन्यात मला एवढंच कळत होतं, की साहेबांचं औदार्य फुकट होतं. स्वतःच्या खिशातून त्यांना काही द्यायचं नव्हतं. सही ताईंची, खोटं माझं, आणि आपलाच पोरगा म्हणायला पैसे पडत नाहीत. भाच्याच्या प्रोग्रामवर त्यांनी जे प्रेम केलं तेच हे. त्या प्रेमाचं बिल मोखाड्याच्या स्वयंपाकघरात एक मुलगी भाकऱ्या थापून चुकवत होती.

मी ताईंच्या टेबलाशी गेलो. ‘नववी लिहा.’

त्यांनी वर पाहिलं नाही. ‘आधीच लिहिलंय.’

तेवढ्यातही माझा अपमान झाला. मी मोठं काही करायला आलो होतो आणि ते माझ्याआधी करून ठेवलेलं होतं. कागदात माझ्या नावापुढे नववी होती, आणि खाली ताईंनी एक ओळ जोडली होती: यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ मी वाचल्यावरच, माझ्या सहीनं पुढे जाईल.

‘हे तुम्ही मघाशी साहेबांना का नाही सांगितलं? मी खाली जाऊन...’

‘त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी खोडलं असतं. आणि तुला मला विचारता आलं असतं. तोंड आहे ना तुला?’

उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी जेवलो की नाही ते चाचा सांगू शकतील, मला आठवत नाही. आई फोन करायची, मी म्हणायचो, बरं चाललंय. मग एका सकाळी साहेबांचाच फोन आला, आवाजात किंचित नाराजी, जणू मी त्यांच्या मिठाईला नावं ठेवली होती.

‘ठेवा म्हणाले तुला. पण कर्नलच्या कामात तुझं नाव कुठेही यायचं नाही. ताईचं येईल. तू मदतनीस. आणि दहावी कर म्हणाले.’

मी म्हणालो, ‘हो साहेब. उपकार झाले.’ आणि ते मनापासून म्हणालो, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आता मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसतो आहे. बीजगणित अजून तसंच आहे, फक्त ते शिकवणारे मास्तर तरुण झालेत. ताई माझी प्रत्येक ओळ वाचतात. पूर्वी विश्वासानं सोडून द्यायच्या, आता सोडत नाहीत. कधी नुसत्या नावासाठी परत पाठवतात, की हे काय नाव ठेवलंस, सहा महिन्यांनी तुलाच कळणार नाही. मी चडफडतो. मग बघतो तर खरंच कळण्यासारखं नसतं. जे ड्रायव्हर आता शाळांत चालतात ते माझ्या हातचे आहेत आणि त्यावर माझं नाव नाही. याचा राग येतो, नाही असं नाही. पण त्यात आता कुणी जावई उरलेला नाही.

मोखाड्याच्या त्या शाळेत नवा ड्रायव्हर टाकायला मी एकटाच गेलो. सर वर्गात शिकवत होते. ती मुलगी बाकावर होती की नाही हे पाहायची मला हिंमत झाली नाही आणि विचारायचा हक्क नव्हता. सरांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘आज कोण आलंय? इंजिनिअर?’

‘मदतनीस.’

‘खरंच? की घरचा आहे म्हणून पाठवलाय?’

‘खरंच. कागदावर तसंच लिहिलंय. बघायचं तर वर विचारा.’

‘विचारलंय,’ सर म्हणाले. ‘तक्रार मीच केली होती ना. तुमच्या कंपनीचं उत्तर माझ्याकडेच आलं.’ त्यांनी भिंतीला टेकवलेली शिडी ओढली आणि पाय रोवून धरली. ‘चढ. पण आधी वायर कुठली कुठे जाते ते मला सांग. मग हात लाव.’

मी एकेक वायर दाखवून सांगितली. त्यांनी प्रत्येक वायर बोटानं मागे तपासत नेली, प्लगपर्यंत. वर्गातली मुलं पाटीवरची गणितं सोडून आमच्याकडे बघत राहिली. सगळं पटल्यावरच त्यांनी मान हलवली, आणि मी शिडी चढलो.